दॅट आणि म्हणे

माझ्या वडिलांच्या बोलण्यात दोन तऱ्हेच्या गोष्टी असत. एक, त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या. दुसऱ्या 'म्हणे'च्या. पाऊस पडला, बैल लंगडला, धान कापून झालं, ह्या पहिल्या. बाकी सगळं जग 'म्हणे'. छप्पन साली आमचा बालाघाट जिल्हा नागपूरकडून काढून भोपाळकडे दिला, तेव्हा बाबांनी ओट्यावर बसून जाहीर केलं, "नागपूर गेलं म्हने. आता भोपाळ म्हने." भोपाळ त्यांनी शेवटपर्यंत पाहिलं नाही, त्यामुळे आमची राजधानीही शेवटपर्यंत 'म्हणे'च राहिली.

मी तेव्हा शाळेत होतो. पुढे सात-आठ वर्षांनी मी बालाघाटच्या कॉलेजात गेलो. आमच्या घराण्यातला कॉलेजात गेलेला मी पहिला. हे मी लाजत सांगत नाही आणि उगाच नम्रपणाही दाखवत नाही. लामत्याच्या स्टेशनापासून कोसभर आत असलेल्या आमच्या गावातून तोवर बालाघाटला गेलेले लोक एकतर कचेरीत गेले होते किंवा दवाखान्यात. कॉलेजात मी गेलो. मी छोट्या लाईनच्या, म्हणजे नॅरोगेजच्या गाडीत चढलो तेव्हा मायनं पदर डोळ्याला लावला आणि बाबा म्हणाले, "पोट्टं कालेजात चाललं म्हने." मी त्यांच्यासमोर खिडकीत बसलो होतो, तरी म्हणे. कारण गाडी जाताना त्यांना दिसत होती. कॉलेज दिसत नव्हतं.

कॉलेजात मला सगळं जमलं, एक इंग्रजी सोडून. आणि इंग्रजीत सगळं जमलं, एक नॅरेशन सोडून. ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एखादा माणूस बोलला ते त्याच्याच शब्दांत अवतरणचिन्हांत ठेवलं तर ते डायरेक्ट. तेच आपण आपल्या शब्दांत दुसऱ्याला सांगितलं तर इनडायरेक्ट. आता मराठी माणसाला यात कठीण काही वाटू नये. 'तो म्हणे, मी उद्या येतो.' झालं. म्हणणारा म्हणाला, ऐकणाऱ्यानं ऐकलं, त्याचा 'मी' त्याच्याजवळ, आपला आपल्याजवळ, कोणाची अदलाबदल नाही. इंग्रजाला हे चालत नाही. तो मध्ये एक 'दॅट' आडवा टाकतो, आणि त्या दॅटच्या पलीकडे गेलं की सगळ्या वस्तूंची जागा बदलते. 'आय'चा 'ही' होतो. 'विल'चा 'वुड' होतो. 'टुमॉरो'चा 'द नेक्स्ट डे' होतो, 'हियर'चा 'देअर' होतो, आणि बोलणारा 'कम' म्हणाला असेल तर 'गो' करावं लागतं. म्हणजे बिचारा येतो म्हणाला आणि आपण सांगायचं की तो जाईल.

इंग्रजीचे सर उत्तरेकडचे होते. ते हिंदीतून इंग्रजी शिकवत आणि मी ते मराठीतून समजून घेई. त्यामुळे प्रत्येक नियम माझ्याजवळ दोन नद्या ओलांडून पोचे आणि थोडा ओला झालेला असे. मी एकदा उभा राहून विचारलं, "सर, आदमी आ रहा है, तो जा रहा है कैसे लिखें?"

सरांनी खडू खाली ठेवला. "आप सोच रहे हैं?"

"जी."

"यही गलती है। ग्रामर में दिमाग मत लगाइए। हियर दिखा, देअर लिखो। कम दिखा, गो लिखो। डोन्ट दिखा, फॉरबेड लिखो। और जो मीठा-मीठा है, डियर, प्लीज, भैया, नमस्ते, सब काट दो। वह नॅरेशन में नहीं आता।"

'फॉरबेड' हा त्यांचा लाडका शब्द. मनाई केली. कोणी कोणाला प्रेमानं 'राहू दे, कष्ट नको घेऊ' म्हटलं तरी सरांच्या हिशेबी ती मनाईच.

सहामाहीत मी इंग्रजीत नापास झालो. पेपरात नॅरेशनची दहा वाक्यं होती आणि माझी दहाही चुकली, कारण मी विचार केला होता. तेव्हा मी ठरवलं की आता विचार करायचा नाही. दिवाळीला घरी गेलो ते सराव करतच. जो कोणी तोंड उघडेल त्याचं वाक्य मी तिथल्या तिथे मराठीत इनडायरेक्ट करून टाकू लागलो.

माय म्हणाली, "जेव बाप्पा, भात थंडा होऊन राह्यला."

मी म्हणालो, "मायने मला जेवण्याचा आग्रह केला आणि सांगितले की भात थंड होत होता."

"होत नोता, झाला!" माय म्हणाली. "अन् मी कोनाले सांगतलं? तुलेच नं सांगतलं? मंग तू कोनाले सांगून राह्यला?"

माझी मोठी बहीण चुलीपुढे बसून हसत होती. तिला आम्ही घरात बाई म्हणत असू. ती म्हणाली, "माय, याच्याशी बोलू नोको वं. हा आपल्या बोलन्याचे हातपाय तोडून दुसऱ्याच जागी लावून राह्यला."

ह्या बाईसाठीच मला पुढचं सगळं सांगायचं आहे.

बाई सातवी पास होती. गावात मुलींमध्ये तीच एक. तिला मास्तरीणबाईचं ट्रेनिंग करायचं होतं आणि हे ती कोणापासून लपवत नव्हती, हीच अडचण होती. दोन स्थळं येऊन गेली. एकानं सांगितलं की पोरगी बोलते फार. दुसऱ्यानं तेवढंही सांगितलं नाही. मग मायच्या नात्यातलं तिसरं स्थळ दाराशी येऊन बसलं होतं: दोन बैलजोड्या, एक विहीर आणि एक भली मोठी मिशी. त्या मिशीला पोरगी शिकलेली असली-नसली सारखंच होतं, कारण तिच्या मते पोरीचं काम धान रोवण्यापासून सुरू होऊन कापणीवर संपत होतं. अशात किरनापूरहून विचारणा आली. मुलगा बैहरकडे शाळेत मास्तर. त्यानं स्वतः कळवलं होतं की मुलगी पुढे शिकणारी असेल तर बरं. बाबांनी बाईला सरळ सांगून टाकलं होतं, "किरनापूरचं जमलं तं जमलं. नाई तं फागुनात मिशीवाल्याले हौ म्हनतो. तिसऱ्यांदा पोरगी पाहून लोकं गेले तं गावात तोंड दाखवाले जागा नाई."

बाई काही बोलली नाही. तिचं काही न बोलणं आमच्या घरात फार क्वचित ऐकू येई.

तर माघातला सोमवार होता. दुपारी कॉलेजातून परत येताना बसस्टँडजवळ मला किरनापूरचे पाव्हणे भेटले, म्हणजे मुलाचे वडील. कचेरीत काम होतं म्हणून आले होते. पांढरं धोतर, काळी टोपी, गालात तंबाखू. मला बाजूला घेऊन म्हणाले,

"तुह्या बाबाले आमचा राम राम सांग. मायलेबी सांग. आमी उद्या तुमच्या इथं येतो, मी अन् पोरगा, पोरगी पाहाले. अन् मायले सांगजो, जेवाचं काही करू नोको म्हना, आमी इथूनच जेवून निंगू. उगाच ताप कायले."

आणखीही थोडं बोलले. ते मी पुढे सांगतो, कारण तेव्हाही मी ते पुढेच सांगितलं आणि नको तिथे सांगितलं.

संध्याकाळच्या गाडीनं मी स्वतः घरी जाऊन निरोप द्यायला हवा होता. पण पाच वाजता सरांचा जादा तास होता, नॅरेशनचाच. तेवढ्यात आमच्या गावचे शिंपी दोऱ्याची रिळं घेऊन स्टेशनाकडे जाताना दिसले. मी त्यांना थांबवलं, वहीचं पान फाडलं आणि चिठ्ठी लिहायला बसलो. आता दोन ओळी लिहायच्या होत्या: उद्या किरनापूरचे येतात, जेवूनच येतात. पण कॉलेजातला मुलगा घरी पहिल्यांदाच चिठ्ठी पाठवतो आहे, ती गावात चार लोक पाहणार, तर ती कॉलेजातल्यासारखी दिसायला नको? मी विचार न करता लिहिली. सरांनी पाहिली असती तर पैकीच्या पैकी गुण दिले असते.

"किरनापूरच्या पाहुण्यांनी बाबांना सांगितले की ते दुसऱ्या दिवशी तिथे जातील व तिला पाहणे होईल. त्यांनी जेवणास मनाई केली. ते तिथूनच जेवून निघतील असेही त्यांनी सांगितले."

राम राम मी कापला होता. मीठा-मीठा नॅरेशनमध्ये येत नाही.

घरी पुढे काय झालं ते मी पाहिलं नाही, बाईनं नंतर सांगितलं. त्यामुळे वाचकांनी इथून प्रत्येक वाक्याला बाबांसारखं 'म्हणे' लावून घ्यावं.

दिवेलागणीला शिंप्यानं चिठ्ठी दिली. बाईनं ती कंदिलाजवळ धरून वाचली. बाबा म्हणाले, "पुन्हा वाच." तिनं पुन्हा वाचली. बाबा उभे राहिले.

"कोन जाईन?"

"ते," बाई म्हणाली.

"ते म्हंजे कोन? बाबाले सांगतलं का ते जातीन. म्हंजे मी जाईन. कुठं?"

"तिथे."

"थं म्हंजे किरनापूरले! म्हंजे आपन पोरीले बैलावानी हाकत थं न्याचं, थं उपाशी बसाचं, जेवाले मनाई! अन् ते आपल्या तोंडासमोर जेवून निंगून जातीन! वा रे पाव्हने!"

आमच्याकडे मुलगी पाहायला मुलाकडचे येतात. मुलगी घेऊन मुलाच्या दारी जाणं म्हणजे बाजारात कोंबडी घेऊन बसण्यासारखं. आणि वर जेवायला मनाई! आमच्या भागात दुश्मनालाही दोन घास खाल्ल्याशिवाय उठू देत नाहीत. भांडण नंतर.

बाई म्हणाली, "बाबा, मले ह्या चिठ्ठीचं खरं वाटत नाई. असं कोनी मानूस बोलत नाई."

"लिवलं हाये नं?"

"लिवलं हाये, पन..."

"मंग? पोट्ट्यानं लिवलं हाये. कालेजातून लिवलं हाये."

ह्या एका वाक्यावर मी पुढे खूप दिवस विचार केला आहे. साऱ्या जगाच्या बातमीला 'म्हणे' लावणाऱ्या माझ्या बापानं आयुष्यात एकदा ते लावलं नाही, ते माझ्या चिठ्ठीला. आणि नेमकं तेव्हाच लावायला हवं होतं.

सकाळी बाबा पहिल्या गाडीला निघाले; किरनापूरला जाऊन 'सोयरीक नाही' असं तोंडावर सांगून यायला. माय म्हणाली की तोंडावर सांगायचं ते सांगा पण उपाशी राहू नका, आणि कोणी मनाई केली त्याच्या नाकावर टिच्चून तिनं पहाटे उठून सहा माणसांचं जेवण एका कापडाच्या धडप्यात बांधलं. बाई म्हणाली, "बालाघाटपर्यंत मीबी येतो. भावाले डबा देऊन दुपारच्या गाडीनं वापस." (आमच्याकडे बायाही 'मी येतो', 'मी जातो' असंच बोलतात. पुण्याच्या वाचकांनी छपाईची चूक समजू नये.) खरं म्हणजे तिला मला गाठून विचारायचं होतं. तिचा फागुन माझ्या तीन ओळींवर टांगलेला होता आणि हे घरात फक्त तिलाच ठाऊक होतं.

आता हे मी पाहिलेलं.

मंगळवारी सकाळी मी धुतलेला शर्ट घालून बालाघाट स्टेशनावर उभा होतो. किरनापूरहून बसनं आलेले पाव्हणे बापलेक माझ्यासोबत. मुलगा उंच, सडसडीत, चष्मेवाला. बोलायच्या आधी दोनदा घसा साफ करणारा. लामत्याकडे जाणाऱ्या गाडीला वेळ होता. तेवढ्यात लामत्याकडून येणारी गाडी लागली आणि तिच्यातून माझे बाबा उतरले. खांद्यावर शेला, हातात छत्री, छत्री तलवारीसारखी धरलेली. त्यांच्यामागे धडप्याचं गाठोडं घेऊन बाई.

पाव्हण्यांचा चेहरा उजळला. "अरे वा! पाव्हने आमाले घ्याले इथंवर आले! राम राम, राम राम!"

"राम राम गेला खड्ड्यात," बाबा म्हणाले. "घ्याले नाई आलो. सांगाले आलो. पोरगी पाहाची असन तं मानसासारखं आमच्या दारी या. आमी पोरगी घेऊन गावोगाव फिरत नाई."

पाव्हण्यांनी बाईकडे पाहिलं, गाठोड्याकडे पाहिलं. "मंग हे कोन हाये जी?"

बाबा क्षणभर अडखळले. "हे डबा द्याले आली!"

"आमी तं तुमच्याच दारी येऊन राह्यलो."

"उपाशी ठेवाले बोलावता अन् वरून येऊन राह्यलो म्हनता?"

"उपाशी? कोन उपाशी? मी कवा म्हनलं?"

"तुमीच म्हनलं."

"मी नाई म्हनलं."

"म्हनलं!"

"माह्या तोंडानं मी म्हनलं का नाई ते मले समजन का तुमाले?"

फलाटावरची चार माणसं जवळ आली. बाबांनी टोपीच्या घडीतून चिठ्ठी काढली आणि कोर्टात कागद ठेवावा तशी पुढे केली. पाव्हण्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी ती मुलाला दिली. मुलानं घसा साफ केला, वाचली, पुन्हा घसा साफ केला. मग त्याचे खांदे हलायला लागले. तो बाकावर बसला, चष्मा काढला आणि डोळे पुसले. मला वाटलं अपमानानं रडतो आहे. जवळ जाऊन पाहतो तर हसत होता.

"कोणत्या वर्षाला आहात?" त्यानं मला विचारलं.

"बी.ए. पहिलं वर्ष."

"नॅरेशन चालू आहे?"

"हौ."

"मी ह्यात मॅट्रिकला दोनदा बसलो," तो म्हणाला.

पण बाबांना कोण मॅट्रिकला कितीदा बसलं याच्याशी देणंघेणं नव्हतं. ते म्हणत होते की चिठ्ठी खोटी असेल तर त्यांचा मुलगा खोटा, आणि चिठ्ठी खरी असेल तर पाव्हणे खोटे, आणि ह्या दोहोंपैकी कोणतं ते आत्ताच्या आत्ता ठरलं पाहिजे. पाव्हणे म्हणत होते की अशा घरात आपल्याला सोयरीक करायचीच नाही, चल रे पोरा. मुलगा चष्मा चढवून उभा राहिला. आणि मी, बी.ए. पहिलं वर्ष, तोंड उघडून बंद करत होतो. जे सुचत होतं ते इनडायरेक्ट सुचत होतं.

बाईनं गाठोडं बाकावर ठेवलं. सगळ्यांच्या मधून येऊन ती माझ्यासमोर उभी राहिली.

"पाव्हने काल काय बोलले?"

"पाव्हण्यांनी सांगितलं की..."

"सांगतलं की नोको. 'की' अजिबात नोको. ते बोलले तसं बोल. त्याईच्या तोंडानं. एक अक्षर बदलवलं तं थापड देईन."

मग मी बोललो. मला नकलेचं अंग लहानपणापासून होतं, आणि थापडीची भीतीही होती. मी गालात तंबाखू धरल्यासारखा गाल फुगवला, पाव्हण्यांसारखी मान वाकडी केली आणि त्यांच्याच सुरात सुरू झालो: "तुह्या बाबाले आमचा राम राम सांग. मायलेबी सांग. आमी उद्या तुमच्या इथं येतो, मी अन् पोरगा, पोरगी पाहाले. अन् मायले सांगजो, जेवाचं काही करू नोको म्हना, आमी इथूनच जेवून निंगू. उगाच ताप कायले."

बाबांची छत्री खाली आली. पाव्हणे "हां! हेच! हेच म्हनलं मी!" असं ओरडले. मी इथे थांबायला हवं होतं. पण 'एक अक्षर बदलवलं तं' असं बजावलं होतं, आणि कापणं हे बदलण्यात येतं की नाही ह्याची मला खात्री नव्हती. म्हणून मी पुढचंही सांगितलं.

"अन् पाह, तुहा बाप लय तापट हाये म्हने, म्हून मी आधी तुलेच सांगतो. पोरगी हुशार हाये म्हन्ते लोकं. आमचं पोट्टं तेवढं हुशार नाई, पन सांगतलेलं आयकते."

पाव्हण्यांनी तंबाखू गिळली. त्यांचा मुलगा आपल्या चपलांकडे पाहू लागला.

"तापट?" बाबा म्हणाले. "मी तापट? कोन म्हन्ते?"

सगळ्यांनी फक्त त्यांच्या हातातल्या छत्रीकडे पाहिलं. ती पुन्हा वर गेली होती. बाबांनीही पाहिली. त्यांनी ती हळूच बाकाला टेकवून ठेवली, शेल्यानं तोंड पुसलं आणि म्हणाले, "तापट म्हने." मग त्यांना हसू फुटलं. आधी पोटात आणि मग मिशीत. पाव्हण्यांना ते दिसलं तशी त्यांचीही टोपी हलायला लागली.

ह्या सगळ्यात लामत्याची गाडी निघून गेली. दुसरी संध्याकाळी.

"आता कसं?" पाव्हणे म्हणाले. "आमी तं जेवूनच निंगालो."

"मनाई हाये का?" बाबांनी विचारलं.

गाठोडं सुटलं. तांदळाच्या भाकरी, वांग्याची भाजी, मिरचीचा ठेचा, वर घाऱ्या. सहा माणसांचं जेवण आम्ही पाच जणांनी फलाटाच्या टोकाला कडुनिंबाखाली बसून खाल्लं, आणि जेवून निघालेल्या पाव्हण्यांनी तिसरी भाकर मागून घेतली.

जेवण झाल्यावर पाव्हण्यांनी मुलाला कोपरानं ढोसलं. मुलानं दोनदा घसा साफ केला आणि माझ्याकडे तोंड करून म्हणाला, "त्यांना विचारा, पुढे शिकायची इच्छा आहे का?"

मी बाईकडे वळलो. तोंड उघडणार, तेवढ्यात ती म्हणाली, "याच्यातून नोका. हा पुन्हा कुठं पोचवन नेम नाई. मी इथंच हाओ, मलेच इचारा."

मुलगा लाल झाला. मग तिच्याकडे पाहून त्यानं विचारलं, "शिकायचं आहे?"

"हौ. ट्रेनिंग कराचं हाये. चालन?"

त्यानं बापाकडे पाहिलं.

"त्याईले नाई," बाई म्हणाली. "तुमाले इचारलं."

"चालन," तो म्हणाला. घसा साफ न करता.

संध्याकाळच्या गाडीनं आम्ही तिघं घरी गेलो. सरांचा तास बुडवला. माय दारात उभी होती, तिच्या मागे शिंपी, शिंप्याच्या मागे अर्धी गल्ली. मायनं एवढंच विचारलं, "काय झालं?"

मी बाईकडे पाहिलं. ती बाबांच्या तोंडाकडे पाहत होती. पाव्हणे फलाटावर हो म्हणाले होते, मुलगा म्हणाला होता, नारळ कधी फोडायचा तेही ठरलं होतं. पण बाबा ते कसं सांगतात ह्यावर सगळं होतं. 'जमली म्हने' असं म्हणाले असते तर मिशीवाला अजून दाराशीच बसलेला होता.

बाबांनी छत्री खुंटीला अडकवली.

"सोयरीक जमली," ते म्हणाले.

बाई गाठोड्याचं रिकामं धडपं झटकायला मागच्या अंगणात गेली. बराच वेळ झटकत होती.

तिचं ट्रेनिंग झालं, ती बैहरकडे मास्तरीण झाली. मीही वार्षिक परीक्षेत इंग्रजीत पास झालो. नॅरेशनच्या दहांपैकी सात बरोबर आली. माझ्याजवळ तेव्हा एक उपाय होता: प्रत्येक वाक्य वाचून मी आधी बाई काय म्हणाली असती ते मनात म्हणे आणि मग नेमकं त्याच्या उलट लिही.

पण बाबांनी माझ्यावरचा भरवसा त्या चिठ्ठीतच संपवला होता. मी बी.ए. झालो तेव्हा गावात पेढे वाटताना ते घरोघर सांगत होते, "पोट्टं बी.ए. झालं म्हने."

"बाबा, म्हने काहून?" मी शेवटी चिडून विचारलं. "मीच सांगून राह्यलो नं?"

"म्हून तं."

वर्षभरानं डिग्रीचा कागद हाती आला. मी तो गुंडाळी करून गावी नेला. बाई आणि भावजीही आले होते. मी कागद बाबांच्या मांडीवर पसरला. त्यांनी त्याच्यावरची लाल मोहोर बोटानं चाचपली आणि कागद बाईकडे दिला. "वाच."

बाईनं पाहिलं. "इंग्रजीत हाये. याच्यात लिवलं हाये, प्रमाणित करन्यात येते की..."

"की?" बाबा म्हणाले.

भावजींनी घसा साफ करून मान खाली घातली. मी कपाळावर हात मारला. खरंच तिथे 'सर्टिफाय दॅट' असंच होतं. सात वर्षांची शाळा, चार वर्षांची हायस्कुली, तीन वर्षांचं कॉलेज, आणि शेवटी युनिव्हर्सिटीनंही मला इनडायरेक्टच करून ठेवलं होतं.

"म्हंजे हेबी कोनी तिसराच सांगून राह्यला," बाबा म्हणाले. "मंग म्हनेच."

बाईनं कागदाची गुंडाळी केली, दोरा बांधला आणि तो माझ्या हातात दिला. मग ती बाबांच्या समोर जाऊन बसली, शाळेत पोरांपुढे बसते तशी, ताठ.

"बाबा, मी सांगतो. हा बी.ए. झाला."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. शेला खांद्यावर टाकला, उठले आणि ओट्यावर जाऊन उभे राहिले. समोरून शिंपी चालले होते.

"आयका जी," बाबा म्हणाले, "आमचं पोट्टं बी.ए. झालं."

"ते तं तुमी मागच्याच साली सांगतलं," शिंपी म्हणाले.

"ते म्हने होतं," बाबा म्हणाले. "हे झालं."